आठ मिनिटांवर अकोला!

अमरावती ते अकोला विमानाने किती अंतर आहे, माहितेय? बेलोरा ते शिवणी, म्हणजे या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत, सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर. एटीआर जातीचं विमान पूर्ण वेगात ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे हिशेब साधारण आठ मिनिटांचा. ऑफिसच्या कॉफी मशीनसमोरची रांग याहून जास्त वेळ खाते!

अर्थात असं विमान नाहीये. असतं तरी वर चढून स्थिरावेपर्यंत उतरायची वेळ झाली असती. जगात याहून छोटी विमानसेवा आहे. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर, वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर जेमतेम पावणेतीन किलोमीटर, वेळ दोनेक मिनिटं. पण तिथे मधे समुद्र आहे. आपल्याकडे मधे मूर्तिजापूर आहे!

मग हा हिशेब करायचाच कशाला? कारण मी अकोल्याची, नोकरी मुंबईत, आणि १६ एप्रिल २०२५ला वऱ्हाडात मुंबईचं विमान उतरलं ते अमरावतीत. ‘उडान’ योजनेतली ही सेवा अलायन्स एअरने सुरू केली, तीही सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मुंबईहून पावणेदोन तासांत बेलोरा!

थोरला मागे, धाकटा पुढे

गंमत बघा. शिवणीचा विमानतळ १९४३चा, इंग्रजांच्या काळातला. बेलोऱ्याचा १९९२चा. म्हणजे अकोला जवळपास पन्नास वर्षांनी थोरला. पण शिवणीची धावपट्टी सुमारे १४०० मीटरवरच अडली. बेलोऱ्याची १३७२ मीटर होती, ती वाढवून १८५० केली. तेवढ्या फरकाने खेळ पालटला.

चारपाचशे मीटरने एवढं काय बिघडतं? अकोल्यात मे महिना काढलेल्या माणसाला विचारा. पारा पंचेचाळिसावर गेला की हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो आणि तेच विमान उडवायला जास्त लांब धावावं लागतं. मुंबईच्या दमट गारव्यात जे जमतं ते वऱ्हाडच्या उन्हात जमेलच असं नाही. शिवणीची धावपट्टी वाढवायची तर शेजारची जमीन हवी, त्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचीही आली. हा विषय अकोल्यात इतकी वर्षं चघळला जातोय की चहाच्या टपरीवरही कुणी आता त्यावर पैज लावत नाही.

आईला मात्र हे पटत नाही. फोनवर म्हणते, ‘‘विमानानं येऊन राह्यली ना वं? मंग अकोल्यातच काहून नाही उतरत?’’

तिचं चुकत नाहीये. नकाशावर मुंबई ते अमरावती सरळ रेघ ओढा. ५४० किलोमीटरची ती रेघ अकोल्याच्या दक्षिणेला अगदी जवळून जाते. म्हणजे मी घराच्या जवळून पुढे जाते, अमरावतीत उतरते आणि तेवढंच अंतर रस्त्याने उलटी येते!

विक्रमी उलटा प्रवास

हा उलटा रस्ताही साधासुधा नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी रस्ता सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनीज बुकात नाव लागलं. बडनेरा, मूर्तिजापूर, दोन्हीकडे काळी कपाशीची जमीन. याच कपाशीसाठी इंग्रजांनी रेल्वे आणली, ती १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वऱ्हाडात गाडी नेहमी आधी कापसासाठी येते, माणसांसाठी नंतर.

एरवी मला विमान परवडतही नाही आणि लागतही नाही. अमरावती एक्स्प्रेस रात्री मुंबईत पकडायची, झोपायचं, पहाटे अकोला. सुट्टीचा एक तासही वाया नाही. विमान लागतं ते फोन आल्यावर.

तो माझा बुधवारी सकाळी दहाला आला, मीटिंग चालू असताना. बाबांना छातीत दुखतंय, दवाखान्यात नेलंय. दुपारी अडीचचं विमान मिळालं, सव्वाचारला बेलोरा, तिथून टॅक्सी. साडेसहाला मी बाबांच्या खाटेशी होते. ते म्हणाले, ‘‘एवढ्या लवकर कशी आली वं? जेवली काय?’’ रात्रीच्या गाडीने मी दुसऱ्या दिवशी पहाटे पोचले असते. डॉक्टरांनी काय करायचं ते विचारलं त्या संध्याकाळी आईशेजारी मी होते, एवढंच मला पुरलं. बाबा आता बरे आहेत, मीठ कमी म्हणून भांडतात!

पण तो मंगळवार असता तर? फोन काही वार बघून येत नाही. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आपल्यासारख्या हजारो वऱ्हाडी पोरापोरींसाठी त्या चारपाचशे मीटर डांबराची किंमत इथे कळते.

जायचंय?

० बुकिंग करताना नीट बघा. आपली अमरावती वेगळी, आंध्रची वेगळी. आपला कोड ‘एव्हीआर’. अकोल्याचा ‘एकेडी’ आहे, पण त्याचं तिकीट मिळत नाही!

० वेळापत्रक बदलतं, वार तपासूनच निघा.

० आकाश स्वच्छ असेल तर येताना डावीकडची खिडकी मागा. उत्तरेला सातपुडा दिसतो.

० बेलोऱ्याहून अकोला रस्त्याने नव्वदेक किलोमीटर. टॅक्सी आधीच सांगून ठेवा.

० घाई नसेल तर अमरावतीत गिला वडा खा. घाई असेल तर परत येताना खा, पण खाच!