ढोरवाट

दिवाळी सरली, की पाटणादेवीच्या डोंगरावरचं गवत सोनेरी होतं आणि निसरडंही. शेवाळाची भीती सगळ्यांना, वाळल्या कुसळीची कुणालाच नाही. पावलाखाली ती आडवी होते, तिच्याखालचा मुरूम जोंधळ्यासारखा गडगडतो, आणि माणूस बसल्या बसल्या चालू लागतो. घसरगुंडीसाठी खानदेशातल्या माणसाला गुलमर्ग गाठायला नको.

तिथलाच कान्हेरगड उतरताना मी मळलेली वाट सोडली. कारण सांगायला लाज वाटते : डावीकडे दुसरी एक वाट दिसली, जास्त सोपी, जास्त प्रेमळ. पन्नासेक पावलं ती नीट चालली. मग दोन झाली, मग चार, मग नुसतं दडपलेलं गवत. पुढे उतार, त्याच्यापुढे पुन्हा उतार. मधे काही असेल असं वाटेचना.

आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे, एकावर एक रचलेल्या भाकरींसारखे. दोन थरांमधे गवताचा उतार, प्रत्येक थराच्या काठाला कडा. खालून कडे मोजता येतात; वरून पाहिलं तर उताराला उतार चिकटलेला दिसतो, मधली उभी भिंत गायब. बर्फातही हेच. उताराचं पोट फुगीर असलं, की त्यापलीकडचं दिसत नाही. आणि स्कीइंगला मोहवणारा तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतारच हिमस्खलनालाही आवडतो. २०२४ च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या उतारावर बर्फ कोसळून एक रशियन स्कीअर गेला, ती बातमी मी चहाबरोबर वाचली होती. तेव्हा ती फार दूरची वाटली.

(गणिती भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख पाटणादेवीच्या ज्या पाटणात आहे, तिथेच माझा उताराचा हिशेब चुकावा!)

घसारा सुरू झाला तसा मी चक्क खाली बसलो. पुढे जाववेना, मागे वळवेना. हातात येईल ते गवत मुळासकट निघत होतं. सुटलेला एक दगड दोनदा वाजला आणि मग बराच वेळ वाजलाच नाही. त्या शांततेने मला कडा दाखवला.

वरून हाक आली, "कथा चालना भाऊ?" गुराखी होता. काठी पुढे करत म्हणाला, "हाई ढोरेस्नी वाट शे, मानसेस्नी न्हई."

बरोबर होतं. ढोरांना गवतापर्यंतच जायचं असतं, गावापर्यंत नाही.

मला मळलेल्या वाटेवर सोडून त्याने तंबाखू मळली, आणि एक गाय मागे राहिली म्हणून त्याच ढोरवाटेने, पायात झिजलेल्या चपला घालून, खाली उतरून गेला.