नावांचे बंधारे

लातूर भागातील शेतकऱ्यांचा अभ्यासदौरा घेऊन कच्छमध्ये गेलो होतो. खारकेच्या आणि डाळिंबाच्या बागा पाहून झाल्या. भूजला एक संध्याकाळ मोकळी मिळाली, म्हणून सर्वांना स्मृतिवन दाखवायला नेले.

शहराला लागूनच भुजिया डोंगर आहे. माथ्यावर अठराव्या शतकातला किल्ला. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ या डोंगरावर 470 एकरांत हे वन केले आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये त्याचे उद्घाटन झाले. भूकंपाचे मोठे संग्रहालयही तिथे आहे. त्याला मात्र निवांत वेळ हवा. आम्ही पायवाटेने वर निघालो.

डोंगर खडकाळ, मातीचा थर पातळ. पाऊस थोडा, तोही बेभरवशाचा. अशा जागी झाड जगवायचे तर आधी पाणी अडवले पाहिजे. म्हणून उतारावर सुमारे पन्नास लहान बंधारे घातले आहेत. आणि या बंधाऱ्यांच्या भिंतींवर भूकंपात गेलेल्या सुमारे 13 हजार माणसांच्या नावांच्या पट्ट्या लावल्या आहेत. मला ही कल्पना फार आवडली. पुतळ्यापेक्षा हे बरे.

झाडी जपानी शास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीची आहे. जमीन खणून भरपूर सेंद्रिय खत घालायचे, चौरस मीटरला तीन-चार रोपे लावायची आणि पहिली दोन-तीन वर्षे पाणी द्यायचे. आपल्या बांधावर असे करा, असे मी कुणाला सांगणार नाही. तेवढा खर्च आणि तेवढे पाणी शेतकऱ्याला परवडायचे नाही.

आमच्यात किल्लारीकडचे एक वयस्क काका होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेले असताना, त्यांचे धाकटे भाऊ आणि भावजय ढिगाऱ्याखाली गेले. एका बंधाऱ्यापाशी ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटले, भावाची आठवण आली असेल. मी जवळ गेलो, तर म्हणाले, "साहेब, ह्यातला गाळ कोण काढतंय?"

मी म्हटले, "इथली व्यवस्था पाहणारे काढत असतील."

"आमच्या शिवारातला नालाबांध बहात्तरच्या दुष्काळातला. आईनं त्याच्यावर दगड वाहिलेत. भूकंपानंतर गाव उठून दुसरीकडं वसलं, बांध तिथंच ऱ्हायला. आता आत बाभळी माजल्यात. कुणाचाच नाही ना तो!"

नोकरीत असे कितीतरी बांध मी पाहिले. बांधताना सगळा गाव असतो, उद्घाटनाला पुढारी असतात, दहा वर्षांनी गाळ काढायला कुणी नसते. गाळ साठला की पाणी थांबत नाही, आणि मग दोष पावसाला.

खाली उतरेपर्यंत काका बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी त्या बांधाची लांबी-रुंदी मला सांगितली आणि उन्हाळ्यात किती ट्रॉल्या गाळ निघेल, याचा हिशेब शेजाऱ्याबरोबर बोटांवर मांडायला लागले.