एका सेंटिमीटरला एक बादली

बालमित्रांनो, चंद्रपूर म्हटलं की तुम्हांला ताडोबाचे वाघ आठवतात ना? आमच्या नागभीड-सिंदेवाहीकडच्या जंगलातही वाघ आहेत. पण आज मी तुम्हांला तलावावर नेणार आहे, आणि तेही एका कासवाच्या निमित्ताने.

रोवणीचे दिवस होते. चौथीतला एक मुलगा टोपलीने झाकलेलं घमेलं घेऊन वर्गात आला. धानाच्या बांधीत त्याला कासव सापडलं होतं. पाठ मऊ, चपटी, हिरवट-तपकिरी. हात लावला की मान आणि पुढचे पाय आत, मागचे पाय तर पोटाकडच्या झडपांखाली गडप!

"सर, मी याले पोसनार. केवढं टाकं लागन?"

प्रश्न चांगला होता, म्हणून गणिताचा तास त्यालाच दिला. पाण्यातली कासवं पाळणारे लोक एक अंदाज वापरतात : पाठीच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण पंधरा लिटर पाणी. आमच्या शाळेची बादली नेमकी पंधरा लिटरची. म्हणजे एका सेंटिमीटरला एक बादली! पट्टी लावली. पाठ भरली अठरा सेंटिमीटर. अठरा बादल्या, म्हणजे २७० लिटर. घरोघरी असतो तो निळा ड्रमसुद्धा २०० लिटरचाच.

"दोन डरम ठेवीन," तो म्हणाला. हार मानणारा गडी नव्हे.

मग मी एकेक विचारत गेलो. ड्रममध्ये ऊन कुठून येणार? गोगलगायी, बेडूक, मासे रोज कोण आणणार? उन्हाळ्यात तलाव आटला की हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पाऊस येईपर्यंत पडून राहतं. तो चिखल कुठे भरायचा? (माझ्या आजोळच्या विहिरीत पाणी स्वच्छ राहावं म्हणून एक कासव सोडलेलं होतं. वरून डोकावताना मला ते फार सुखी वाटायचं. त्याला बाहेर यायला एक पायरीही नव्हती, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.) आणि शेवटी कायदा सांगितला. ही कासवं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच यादीत. घरी ठेवणं हा गुन्हाच.

मुलगा काही बोलला नाही. घमेल्यावर टोपली नीट झाकून बसून राहिला.

वनरक्षकांना फोन केला. ते आले, कासव तपासलं आणि म्हणाले, जिथलं आहे तिथेच जवळ सोडू. सगळा वर्ग तलावाकडे निघाला.

आमच्याकडे याला मामा तलाव म्हणतात. मामाच्या गावचा म्हणून नव्हे हं! मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा मालक. ती पद्धत १९५१ मध्ये संपली, तलाव मात्र राहिले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत असे हजारो आहेत. कोहळी समाजाचे लोक ते बांधण्यात पटाईत. उतारावर मातीची लांब पाळ घालायची, पाणी अडवायचं आणि तुडुमातून बेताबेताने खालच्या धानाला द्यायचं. कडेला उथळ पाण्यात देवधान उगवतं, त्यात मासे अंडी घालतात, धीवर बांधव जाळी टाकतात. पाळीवर उभं राहिलं की एकीकडे पाणी, दुसरीकडे हिरव्या बांध्या. कासव दोन्हीकडे फिरतं, म्हणून तर ते बांधीत सापडलं.

मुलाने घमेलं पाण्याच्या काठाशी तिरपं केलं. कासव क्षणभर थांबलं, मग गढूळ पाण्यात दिसेनासं झालं. तो बराच वेळ तिथेच बघत उभा होता. मी हाक मारली नाही.

तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मग माहं पन इथंच सोडू?"

तिच्या काकाने नागपूरच्या दुकानातून काचेच्या भांड्यात नाण्याएवढं कासव आणलं होतं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मूळचं अमेरिकेचं. मी घाईघाईने म्हणालो, "नाही! ते मुळीच सोडायचं नाही." ते इथल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयातच बंद केली.

पालकांनो, हे तुमच्यासाठी. नाण्याएवढं कासव भांड्यात गोड दिसतं. पण मादी पंचवीस-तीस सेंटिमीटर होते, म्हणजे पावणेचारशे ते साडेचारशे लिटर! शिवाय अंग कोरडं करायला उन्हातला दगड हवा. जगतं वीस-तीस वर्षं. अंगावर जुलाब-तापाचे जंतू असू शकतात. म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकायला बंदी आहे. हाताळल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत.

तिच्या वडिलांनी अंगणात सिमेंटचं टाकं बांधलं. एका बाजूला उतार, त्यावर दगड, वर जाळी, अर्ध्या भागावर सावली. पाणी सध्या थोडंच भरतात. ती दर महिन्याला पट्टी लावते. परवा शाळेत धावतच आली.

"सर, नऊ झालं! अजून एक बादली."

मागच्या बाकावरचा तो चौथीतला मुलगा लगेच उठला. "मी आनतो," म्हणाला.