पुठ्ठ्यातलं भोक

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. सूनबाई आमच्या सोलापुरातल्या घरी बसून, एका कंपनीच्या ऑर्डरी दुसऱ्या कंपनीच्या हिशेबात आपोआप पोचवण्याची आखणी संगणकावर करत होती. त्यातला हवा तो चौकोनच यादीत दिसेना. दोन रात्री जागली, सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं, छे!

"आप्पा, माझंच काही चुकतंय," ती रडवेली झाली.

संगणकातलं मला शून्य कळतं. पण चादरीच्या मागावर माझी तीस वर्षं गेली. जॅकार्डच्या पुठ्ठ्यात भोक नसलं, की सुई मागं ढकलली जाते, दोरा उचलत नाही अन् मोराची चोच उमटत नाही. आम्ही मात्र आधी दोराच बदलत बसायचो!

म्हटलं, "पोरी, दोरा सोड, पुठ्ठा बघ. ही यादी ठरते कशावरून?"

तिनं प्रकल्पाची मूळ सेटिंग उघडली. तिथं जुनी आवृत्ती निवडलेली. तिला न पेलणारे चौकोन यादीत येतच नव्हते. आवृत्ती बदलली, चौकोन हजर!

जॅकार्डनं ही युक्ती १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये बसवली. पुढं संगणकांनाही भोकं पाडलेली कार्डंच लागली.

माग विकल्यापासून आपण घरात अडगळच, असं मला वाटे. परवा आतून हाक आली, "आप्पा, जरा पुठ्ठा बघता का?"