शिक्क्यावरची तारीख

‘दहा वर्षांचा व्हिसा मिळाला!’ ही बातमी आमच्या सोसायटीत पेढ्यांसकट येते. अमेरिकेचा बी-१/बी-२ व्हिसा भारतीयांना बहुतेकदा दहा वर्षांचा मिळतो, हे खरंच आहे. पण ती मुदत तिथल्या विमानतळावर जाऊन उभं राहण्याची. आत किती दिवस राहायचं ते काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना साधारणपणे सहा महिने मिळतात. पेढे तेव्हा वाटावेत.

*

याची उलट बाजू फार जणांना ठाऊक नसते. व्हिसाच्या शेवटच्या दिवशी उतरलात तरी सहा महिने मिळू शकतात, आणि मुक्कामात मध्येच व्हिसा संपला तर काही बिघडत नाही. बघायची ती आय-९४ या नोंदीतली तारीख. पूर्वी हे पासपोर्टात टाचलेलं कार्ड असे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची नोंद संगणकात गेली. पासपोर्ट क्रमांक टाकला की ती सरकारी साइटवर दिसते. काही विमानतळांवर हल्ली शिक्काही मारत नाहीत. तेव्हा आई-बाबा घरी पोचले, चहा झाला, की मुलांनी लगेच त्या नोंदीची प्रत काढून ठेवावी.

त्या तारखेपुढे राहिलं, तर दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. स्टिकरवर पुढची वर्षं छापलेली दिसत राहतात, इतकंच. लेकीच्या बाळंतपणासाठी थांबायचं असेल, तर आय-५३९ हा अर्ज तारखेच्या आत करावा लागतो. कारण कितीही गोड असलं तरी नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

*

विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. एफ-१ व्हिसावर आलेल्या मुलांच्या शिक्क्यात तारखेच्या जागी वर्षानुवर्षं ‘डी/एस’ ही दोन अक्षरं लिहीत आले. शिक्षण नियमाप्रमाणे चालू आहे तोवर राहा, असा त्याचा अर्थ. कॉलेज मध्येच सुटलं की मुक्कामाचा आधारही सुटला.

*

पासपोर्ट संपला पण त्यातला अमेरिकेचा व्हिसा जिवंत आहे, तर दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे. रबरबँड लावून नेणारे काका मी पाहिले आहेत. हसू नये, त्यांचं बरोबर असतं.

*

युरोपच्या शेंगेन व्हिसाचा स्टिकर वाचणं ही मात्र वेगळीच कला. त्यावर दोन तारखा असतात, कुठून कुठपर्यंत. त्याशिवाय दिवसांचा एक आकडा. लोक तारखा वाचतात, आकडा वाचत नाहीत. समजा १ मे ते ३० मे अशी मुदत आहे आणि आकडा १५ आहे, तर त्या महिनाभरात कधीही जा, राहायचे दिवस पंधराच. जादा मिळालेले दिवस प्रवास पुढेमागे झाला तर असावेत म्हणून दिलेले असतात. उतरल्याचा दिवस धरतात, निघाल्याचाही धरतात. रात्री पावणेबाराला विमान टेकलं तरी तो एक पूर्ण दिवस गेला.

वरताण म्हणजे तिसरा रकाना: किती वेळा आत शिरायचं. तिथे ‘१’ असेल आणि तुम्ही पॅरिसहून लंडनला जाऊन परत ॲमस्टरडॅमला यायचं ठरवलंत, तर परतीचं दार बंद. (लंडनसाठी ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो, ते आलंच.) ‘मल्ट’ असेल तर कितीदाही ये-जा करता येते. पण ‘मल्ट’ मिळाला म्हणून मोकळं रान नाही. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा राहतेच. आणि १८० दिवस जानेवारीपासून मोजायचे नसतात. ज्या दिवशी विचारतील त्या दिवसापासून मागे मोजायचे.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही. सहलीचा नकाशा आखताना हे तपासून घ्यावं.

*

शेंगेनचा शिक्का मला सगळ्यांत आवडतो, कारण तो न विचारता सगळं सांगतो. वर एका कोपऱ्यात ताऱ्यांच्या वर्तुळात देशाचं अक्षर, दुसऱ्या कोपऱ्यात विमान, मोटार, रेल्वे किंवा जहाजाचं चित्र, मध्ये तारीख, खाली ठिकाण. आत जाणारा बाण असेल तर प्रवेश, बाहेर जाणारा असेल तर निर्गमन. आत येतानाची चौकट काटकोनी, जातानाची कोपऱ्यांत गोलावलेली. ज्याने हे आखलं त्याला अक्षरं न वाचता काम उरकायचं होतं, हे उघड आहे.

आता तो जाणार. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन ये-जा संगणकात नोंदायला सुरुवात झाली. दिवस मोजण्यात चूक होणार नाही, हे चांगलं. पण ‘आम्ही रेल्वेने शिरलो होतो’ हे दाखवायला हातात काही उरणार नाही, हे मला पटत नाही. सिंगापूरने २०२० मध्येच शिक्के बंद केले. हाँगकाँग चिठ्ठी देतं. इस्रायलही बेन गुरियन विमानतळावर चिठ्ठी देतं, पण त्याचं कारण वेगळं: इस्रायलचा शिक्का दिसला की लेबनॉनसारखे देश प्रवेश नाकारतात.

*

व्हिसा चिकटवलेला आहे की टाचलेला, यावरून देशांची भांडणं होतात. चीन अरुणाचल प्रदेशच्या रहिवाशांना पासपोर्टात टाचलेल्या सुट्या कागदावर व्हिसा देतो. भारत तो मानत नाही. २०२३ मध्ये चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेसाठी अरुणाचलच्या वुशू खेळाडूंना असेच व्हिसा मिळाले आणि भारताने वुशूचा संघच पाठवला नाही. खेळाडूंची तयारी वाया गेली. तरी तो कागद स्वीकारणं म्हणजे काय कबूल करणं, हेही समजतं.

*

माचू पिचूला हौसेचा शिक्का मिळतो. तो वहीत घ्यावा. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा आहे, आपण फक्त बाळगतो.

*

आखाती देशांत नोकरीला निघालेल्या कोकणातल्या मुलांनी आपला पासपोर्ट नीट बघावा. त्यात ‘ईसीआर’ छापलं असेल, तर यादीतल्या देशांत कामासाठी जायला सरकारची परवानगी लागते. दहावी पास असल्याचा दाखला जोडला की हा शेरा लागत नाही. परवानगीची गरज नाही असं सांगणारा ‘ईसीएनआर’चा शिक्का मारणं २००७ मध्येच बंद झालं, तरी तो कुठे मारून मिळतो असं विचारत एजंटकडे जाणारे अजून भेटतात. काहीही छापलेलं नसेल तर काम झालेलंच आहे. एजंटला पैसे देऊ नयेत.