दोन पूर्ण तिकिटे

नवराबायको मुलांना घरी ठेवून देवदर्शनाला निघाली तर कोणी काही म्हणत नाही. काशी-रामेश्वर म्हणा, अष्टविनायक म्हणा, पुण्याचा थोडाबहुत वाटा शेजाऱ्यांनाही मिळतो अशी समजूत असते. आजारी मामेसासऱ्यांना भेटायला निघाली तरी चालते. पण काही कारण नसताना, केवळ दोन मोठी शहरे पाहावीत आणि आगगाडीत मनसोक्त बसावे एवढ्यासाठी, धडधाकट मुले मागे ठेवून दोघेच निघाली की लोकांच्या भुवया वर जातात. "मुलांना नाही नेत?" हा प्रश्न आम्हांला जिन्यावर, वाण्याच्या दुकानात आणि शेवटी गाडीतल्या समोरच्या बाकावरून, मिळून निदान पंधरा वेळा ऐकावा लागला. त्याचे खरे उत्तर "नाही" एवढेच होते. पण आपल्याकडे तेवढ्याला उत्तर म्हणत नाहीत. मग मी म्हणे, "लांबच्या प्रवासाला कंटाळतात ती." ही म्हणे, "मामाकडे रमतात." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्हींचा आमच्या जाण्याशी काडीचा संबंध नव्हता.

कल्पना हिची. लग्नाला सतरा वर्षे झाली. पहिल्या दोन वर्षांत आम्ही महाबळेश्वर आणि गणपतीपुळे पाहिले. पुढच्या पंधरा वर्षांत जे पाहिले ते मुलांच्या उंचीवरून पाहिले. ताजमहाल म्हटला की मला "बाबा, शू" आठवते आणि म्हैसूरचा राजवाडा म्हटला की एक सांडलेले आइस्क्रीम. तक्रार नाही, ज्यांना मुले आहेत त्यांचे जग असेच असते. पण २०२४ च्या गणपतीत एका रात्री, आरतीची तबके घासून झाल्यावर, हिने माझ्यापुढे वहीचा एक कागद ठेवला. त्यावर तीन ओळी होत्या: मुंबई ते कलकत्ता, कलकत्ता ते मद्रास, मद्रास ते मुंबई. समोर किलोमीटर, शेवटी बेरीज. पाच हजाराला थोडे कमी. ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे बेरीज मी तपासली नाही. (नावे आमच्या घरात अजून जुनीच चालतात. मद्रासचे चेन्नई १९९६ मध्ये झाले आणि कलकत्त्याचे कोलकाता २००१ मध्ये, पण जिभेची पाटी बदलायला सरकारचा माणूस येत नाही.)

भाऊबिजेला हिचा भाऊ आला आणि मुलांना घेऊन नाशिकला गेला. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. जाताना मुलगा आमच्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही दोघं भांडू नका हं." तो हे कोणाचे वाक्य बोलत होता ते आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

आम्ही दादरला राहतो आणि गीतांजली एक्सप्रेस दादरला थांबते. तरीही पहाटे उठून उलटे बोरीबंदरला गेलो, कारण लांबचा प्रवास त्या इमारतीखालूनच सुरू झाला पाहिजे, असा माझा हट्ट होता. दहा वर्षे खपून १८८८ मध्ये पुरी झालेली ती वास्तू पहाटेच्या दिव्यांत पाहिली की आपण ऑफिसला नव्हे, मोहिमेवर निघालो आहोत असे वाटते. हिने तेवढा हट्ट चालवून घेतला. बाकी सगळी आखणी तिचीच होती.

गीतांजलीबद्दल मराठी माणसाने दोन शब्द बोलावेत असे काही आहे. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना ही गाडी सुरू झाली. सगळी गाडी एकाच वर्गाची. साहेबाचा डबा वेगळा, गरिबाचा वेगळा असा भेद नाही. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांची मऊ गादी आली तीही त्यांच्याच कारकिर्दीतली. माझे वडील त्याआधी फळीवर झोपून नागपूरला जात आणि उतरल्यावर दोन दिवस कमरेला तेल चोळत. त्या गादीचे त्यांनी जितके कौतुक केले तितके कुठल्या पंचवार्षिक योजनेचे केले नाही. आता त्याच गाडीला थंड हवेचे डबे आहेत, आणि दंडवत्यांचे गुण गात आम्ही त्यांतल्याच एकात बसलो होतो.

कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी इंजिने लागतात. थळ घाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. हिने हे सांगितले तेव्हा समोरच्या बाकावरचे गृहस्थ, ज्यांनी नुकताच मुलांबद्दलचा तो प्रश्न विचारला होता, कौतुकाने म्हणाले, "वहिनी शिक्षिका दिसतात." ही खूष झाली. मग नाशिक रोड आले.

मुलांना स्टेशनवर यायचे होते. गाडी तिथे थांबते हे मुलाला पाठ होते. आदल्या रात्री फोनवर हिने "येऊ नका" असे स्पष्ट सांगितले होते, आणि तेही अशा आवाजात की पलीकडे मामासुद्धा गप्प बसला. गाडी फलाटाला लागली. चहावाले ओरडू लागले. ही फलाटाच्या बाजूला बसली होती. ती उठली, माझ्या पलीकडे जाऊन दुसऱ्या खिडकीशी बसली आणि रिकाम्या रुळांकडे पाहत राहिली. गाडी उभी राहिली ती मिनिटे मी काही बोललो नाही. गाडी हलली तेव्हा ती म्हणाली, "मुलं दिसली असती तर मी उतरले असते." मी म्हटले, "मग मी एकटा कलकत्त्याला जाऊन काय केलं असतं?" ती म्हणाली, "तेच म्हणून नाही उतरले."

दुपारपर्यंत आमच्याकडे बोलायला पुष्कळ होते, कारण तोपर्यंत आम्ही मुलांविषयीच बोलत होतो. मुलाचे दात, मुलीची परीक्षा, क्लासची फी. अकोला गेले, बडनेरा गेले, तशी मुलेही संपली. नागपूरला संत्री घेतली. नागपूरच्या पुढे मात्र दोघांनाही एकदम कळले की आता बोलायला काहीच उरलेले नाही. अंधार पडला होता, काचेत आमचीच तोंडे दिसत होती. सतरा वर्षांच्या संसारानंतर समोरासमोर बसून, आता हिच्याशी काय बोलावे, असा प्रश्न पडावा, याची मला खरोखर भीती वाटली. विनोदाने सांगतो आहे, पण तेव्हा विनोद वाटला नव्हता. पुढे कधी तरी मुले शिकायला बाहेर जातील आणि ही गप्प काच कायमची घरात येऊन बसेल, असे काहीसे मनात येऊन गेले. हिच्याही आले असावे, कारण तिने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. आमच्या घरात अवघड प्रसंगी चिवडा निघतो.

सकाळी जाग आली तेव्हा ही खिडकीशी बसून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होती. रुळांच्या कडेने किलोमीटरचे आकडे जातात. एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचे आणि छत्तीसशेला त्याने भागायचे की ताशी वेग निघतो. छत्तीस सेकंद लागले तर शंभर. मी आकडा आला की "हं" म्हणायचे आणि तिने सेकंद सांगायचे, अशी वाटणी झाली. टाटानगर मागे पडले, बंगालची तळी आणि केळी सुरू झाली, आणि आम्ही दोघे शहाणी माणसे लहान मुलांसारखी "हं", "एक्केचाळीस", "हं", "अडतीस" करीत होतो. बोलणे म्हणतात ते हेच की नाही मला सांगता येणार नाही. गप्प बसणे तरी नव्हते.

कलकत्ता हे पायांनी पाहायचे शहर आहे. हावड्याचा पूल १९४३ चा, सगळा रिव्हेटांनी सांधलेला, आणि त्यावरून डोक्यावर फुलांच्या राशी घेतलेली माणसे धावतात. मध्ये उभे राहिलात तर फुलांसकट ओलांडून जातील. आम्ही तो एकदा चालत ओलांडला आणि दुसऱ्या दिवशी तीच हुगळी पाण्याखालून ओलांडली. मार्च २०२४ पासून तिथे मेट्रो नदीच्या तळाखालून जाते; बोगद्यात निळे दिवे लागले की वर नदी आहे असे समजायचे. पंचेचाळीस सेकंद! वर अर्धा तास धक्के खाऊन जे अंतर तोडले ते खाली "हं" म्हणेपर्यंत संपले. ट्रामही गाठली. कलकत्त्यात घोड्यांची ट्राम १८७३ मध्ये धावली, विजेची १९०२ मध्ये. आम्ही गेलो तेव्हा ती एखाद-दुसऱ्या मार्गावर उरली होती आणि तिचे दिवस भरल्याची बोलवा होती. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. वडील तिचे वर्णन करीत तेव्हा आम्हांला ते अतिशयोक्त वाटे. खडखडत, घंटी वाजवीत, मोटारींच्या शिव्या खात जाणाऱ्या त्या डब्यात बसल्यावर कळले की वडिलांनी उलट हात राखूनच सांगितले होते.

तिसऱ्या दिवशी हिने सांगितले, "आज वराहनगरला जायचं." मेट्रोने गेलो. बॅरकपूर ट्रंक रोडवर एका फाटकासमोर ती थांबली. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. प्रशांतचंद्र महालनोबीसांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली संख्याशास्त्राची ही संस्था. संख्या हा ज्यांचा धर्म आहे त्यांची ही पंढरी. ही एकविसाव्या वर्षी तिथल्या प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण झाली होती, हे मला लग्न ठरतानाच सांगितले गेले होते. मुलीला पोहता येते, मुलगी कशिदा काढते, त्याच ओघात. त्याच महिन्यात तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. धाकटा भाऊ शाळेत होता. तिने नाशिकमध्येच शिक्षिकेची नोकरी धरली. इतकी वर्षे त्या विषयावर आमच्याकडे कोणी बोलले नव्हते, तीही नाही.

"आत जायचं?" मी विचारले.

"नको. चहा घेऊ."

रस्त्याकडेच्या टपरीवर मातीच्या भांडातून चहा घेतला. शेजारी दोन मुली उभ्या होत्या. एकीच्या हातात कागद, त्यावर बारीक अक्षरांत ओळीमागून ओळी, आणि दोघींचा बंगालीत कडाक्याचा वाद चाललेला. हिने मान जराशी वळवली. चहा निवत चालला तरी ती तशीच होती. मग हळूच मराठीत मला म्हणाली, "तिसरी ओळ चुकली आहे."

"मग सांग की त्यांना."

"सापडेल त्यांना." आणि खरेच, भांडे खाली ठेवतो तोवर एक मुलगी किंचाळली आणि तिसऱ्या ओळीवर काट मारली गेली. ही इतकी हसली की टपरीवाला बघू लागला.

परत येताना मेट्रोत मी विचारले, "वाईट वाटतं का गं?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, तेव्हा मला वाटायचं कलकत्ता म्हणजे जगाचं टोक. आई म्हणायची, इतक्या लांब तुझ्या वडिलांना काही झालं तर येशील कशी? मला एकदा बघायचं होतं, किती लांब आहे ते." आणि बोटे मोडीत म्हणाली, "तीस तास. एक चिवड्याचा डबा."

त्या रात्री आम्ही खूप बोललो. काय बोललो ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखे नाही. पण त्यात मुलांचे दात नव्हते.

मद्रासची गाडी दुपारी निघाली. चिल्का सरोवर झोपेत गेले याची मला अजून हळहळ आहे. पण राजमहेंद्रीला ठरवून जागे होतो. हिचे माहेर रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. गोदावरी म्हणजे तिला घाटाच्या पायऱ्यांत सापडणारी, उन्हाळ्यात रोडावणारी, घरातली नदी. इथे पूलच पावणेतीन किलोमीटरांचा. पलीकडचा काठ सकाळच्या धुक्यात दिसेना. गाडीतल्या बायका खिडकीतून पाण्यात नाणी टाकायच्या खटपटीत होत्या. आमच्या डब्याची काच बंद, तेव्हा हिने नुसते हात जोडले. "किती मोठी झाली ही," ती म्हणाली, एखाद्या भाचीबद्दल बोलावे तशी. सेकंद मोजायचे दोघेही विसरलो.

मद्रासविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथे आम्ही शहाण्यासारखे थोडेच पाहिले. रायपुरमचे १८५६ चे जुने स्टेशन पाहिले. तेव्हा बोरीबंदरहून ठाण्याला गाडी जाऊन अवघी तीन वर्षे झाली होती. तंबू चेट्टी रस्त्यावरच्या कालिकाम्बाळ देवळात गेलो. शिवाजीमहाराज १६७७ मध्ये इथे दर्शनाला आले होते असे तिथे सांगतात. दक्षिणदिग्विजय शाळेत शिकताना नकाशावरचा बाण एवढाच माहीत होता; दादरहून इथवर ज्याने रेल्वेने तंगड्या दुखवून घेतल्या आहेत त्याला तो बाण किती लांबीचा आहे ते नीट समजते. मैलापूरला पितळी पेल्यातली कॉफी प्यालो आणि देवळाबाहेर मी अबोलीची वेणी घेतली. हिने ती तिथेच रस्त्यात उभी राहून माळली.

परतीच्या गाडीत वाडी गेल्यावर नाशिकचा फोन आला. मुलगा म्हणाला, त्याने पतंग केला आहे. मुलगी म्हणाली, "आई, आम्ही मजेत आहोत. तुम्ही अजून दोन दिवस राहिलात तरी चालेल." हिने "बरं" म्हटले आणि फोन पर्समध्ये ठेवला. सोलापूरकडची काळी रानं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती. बराच वेळ ती बाहेर बघत होती.

"किती?" तिने विचारले.

मी घड्याळाकडेच पाहत होतो. "बेचाळीस."

"म्हणजे?"

"पंच्याऐंशी."

"शहाऐंशीला जवळ," ती म्हणाली. "पुढचा आकडा बघा."