चढता मासा, उतरता मासा

मृगाचा पाऊस पडला की आमच्याकडच्या पोरांच्या मोबाईलवर एकच प्रकारचे व्हिडिओ फिरायला लागतात. गुडघाभर पाण्यात उभी असलेली पोरं, डोक्याला हेडलॅम्प, हातात काठी नाहीतर जुनी मच्छरदाणी, आणि शेवटी घमेलंभर मासे. खाली कुणीतरी विचारतंच, "भाऊ, लोकेशन टाक." लोकेशन कुणी टाकत नाही. टाकून फारसा उपयोगही नाही. पहिल्या पावसाचा मासा दोन-तीन रात्रींचा असतो आणि त्या रात्री कोणत्या, हे पाण्याकडे बघूनच कळतं.

मी ब्रह्मपुरी आणि सिंदेवाहीच्या मधल्या एका गावचा. चंद्रपूर जिल्ह्याचा हा भाग म्हणजे झाडीपट्टी. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. १९८२ पर्यंत दोन्ही एकच जिल्हा होता आणि मासा अजूनही तसंच समजतो. गावोगाव मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी धानासाठी बांधायला घेतलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झालेले. तलावाखाली धानाच्या बांध्या, बांध्यांखाली नाला, नाला शेवटी वैनगंगेला. पावसाळ्यात ही सगळी उतरंड एका पाण्याने जोडली जाते आणि मासा त्या पाण्यातून उलटा चढायला लागतो. आम्ही ढिवर. आमच्या घरात कॅलेंडरपेक्षा हे जोडलं जाणं महत्त्वाचं.

पहिला पाऊस कामाचा नसतो. तो जमीनच पिऊन टाकते. भेगा बुजतात, मृगाचे लाल मखमली किडे निघतात, बेडूक ओरडायला लागतात आणि नवशिके जाळं घेऊन पळतात. आबाजी तेव्हा खाटेवरून उठत नसत. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाने बांध्या भरून वाहू लागल्या, नाल्याच्या पाण्याला नव्या मातीचा रंग आला, की मग ते संध्याकाळी एकटेच जाऊन यायचे. नाल्यात पाय घालून थोडा वेळ उभे राहायचे. उन्हाळ्याच्या डोहातलं पाणी कोमट असतं. वरून गार पाण्याची धार आली की ती पोटरीला वेगळी कळते. ती आली की रात्री मासा निघणार.

आधी निघतो तो बारीक मासा, बोटाएवढा, चांदीसारखा. मग मांगूर आणि मरळ. या दोघांना हवेतला श्वास घेता येतो, त्यामुळे पाणी चार बोटं असलं तरी त्यांचं अडत नाही. ओल्या गवतावरून सरपटत एका बांधीतून दुसऱ्या बांधीत गेलेली मरळ मी पाहिली आहे. (ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात.) रोहू, कतला, मृगळ हे मोठे लोक. ते एवढ्याने हलत नाहीत. त्यांना नदीला पूर लागतो, म्हणजे आमच्याकडे जुलै.

जागा म्हणाल तर वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत जिथे पडतं, ती. मासा त्या धारेखाली येऊन थांबतो, दम घेतो आणि उडी मारतो. तिथे जाळं फेकायची गरजच नसते, टोपली धरली तरी पुरते. गळाला गांडूळ लावायचं, कारण नव्या पाण्यात तीच वाहून येतात आणि मासा तीच शोधत असतो. मरळीला मात्र जिवंत बेडकाचं पिल्लू. ते गवताच्या कडेला टाकायचं आणि हलू द्यायचं. मरळ खाण्यासाठी झेप घेते की राग येऊन, यावर आमच्या गावात दोन पक्ष आहेत.

पण खरं यंत्र म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सापळा. लांब, निमुळता, तोंडाशी रुंद. तोंडाच्या आत टोकदार कामट्यांचं दुसरं लहान तोंड, आतल्या बाजूला वळवलेलं. मासा आत जातो, बाहेर येताना टोकं आडवी येतात. हे सगळीकडे सारखंच. फरक पडतो तो लावण्याच्या दिशेत. सापळ्याचं तोंड उताराकडे केलं तर चढणारा मासा मिळतो. तोंड धारेकडे केलं तर उतरणारा. चढणारा मासा अंड्यांनी भरलेला असतो. उतरणारा अंडी टाकून आलेला असतो, आणि अश्विनात बांध्यांचं पाणी सोडतात तेव्हा त्याच्यासोबत त्याची पिल्लंही येतात.

आबाजींचा नियम असा होता: "चढते तवा अर्धा नाला सोडाचा. उतरते तवा पुरा बांधला तरी चालते." सापळ्यांच्या दोन्ही बाजूंना दगड-काड्यांचा आडोसा करून मासा तोंडाकडे वळवतात. मृगात तो आडोसा ते नाल्याच्या एकाच काठाकडून मध्यापर्यंत न्यायचे, दुसरा काठ मोकळा. त्या मोकळ्या काठाने रात्रभर मासे जायचे आणि मी लहान असताना मला त्याचा फार राग यायचा.

आबाजींना मी पर्यावरणवादी वगैरे करणार नाही. अंड्यांनी भरलेला मासा ते आवडीने खायचे, अंडी वेगळी काढून जवसाच्या तेलात परतलेली त्यांना आधी लागायची. त्यांना अर्धा नाला सोडणं परवडत होतं, त्याचं एक साधं कारण होतं. बर्फ नव्हता. रात्रीत धरलेला मासा सकाळी आजीच्या टोपलीतून जेवढ्या गावांत विकला जाईल तेवढाच उपयोगाचा, बाकी सुकवायचा, आणि पावसात सुकवणार कुठे? आता थर्माकोलचा डबा आहे, बर्फ आहे, मोटरसायकल आहे. एका रात्रीत धरलेला सगळा मासा सकाळी नऊच्या आत ब्रह्मपुरीत, नाहीतर नागभीडमार्गे नागपूरच्या रस्त्याला लागतो. पोट भरलेल्या मरळीला गिऱ्हाईक जास्त पैसे देतं. अर्धा नाला सोडणं म्हणजे आता अर्धे पैसे सोडणं.

आणि पैसे हवे असतात ते नेमके जूनमध्येच. तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात संपलेला, रोवणीची मजुरी सुरू व्हायला अवकाश, बियाणं-खत उधारीवर, पोरांची शाळा सुरू होणार. माझंच सांगतो. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर पैसे. उन्हाळ्यात तास नाहीत, आणि मागच्या सत्राचे पैसेही कधी येतील ते सांगता येत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या घरात रोख पैसा आणला तो बाबांच्या सापळ्याने, माझ्या एम.ए.ने नव्हे. त्यामुळे पहिल्या पावसात मासे धरू नयेत असं कुणी एसीत बसून लिहिलं की मला त्या माणसाला जूनमध्ये आमच्या घरी जेवायला बोलवावंसं वाटतं.

तरीही हिशेब करावा लागतो. रोहूची एक किलोची मादी दोन-तीन लाख अंडी देते. त्यातली बहुतेक मरतात हे खरं, पण ती द्यायला मादी वरपर्यंत पोचावी लागते. शिवाय रोहू-कतला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं, चढतं पाणी लागतं. पूर्वी नदीतून गोळा केलेलं बीजच तलावात सोडायचे. मग १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन हे मासे प्रजननाला लावले. आज १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो तो त्यामुळे. मोठाच शोध. त्याने तलावात रोहू-कतला भरपूर झाले. मात्र मरळ, मांगूर, वाम आणि ज्यांना बाजारात नावही नाही असे बारीक मासे कुणी पिशवीत भरून आणून सोडत नाही. ते स्वतः चढून आले तरच तलावात असतात. आणि गरिबाच्या ताटात येतो तो हाच मासा. मोठा कतला आम्ही विकतो.

मध्यंतरी मला यूट्यूबने अमेरिकेतल्या एका माशाचे व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली. स्ट्राइप्ड बास. समुद्रात राहतो, वसंतात हडसनसारख्या नद्यांमध्ये अंडी घालायला चढतो, आणि तिथले गळवाले हंगामाच्या सुरुवातीला त्याच्यासाठी पहाटे चारला नदीवर उभे असतात. पाण्याचं तापमान बघतात, भरती-ओहोटी बघतात. आबाजींना ती माणसं आवडली असती. २०२३ पासून समुद्रकिनाऱ्यावर तिथे २८ ते ३१ इंचांच्या मधलाच मासा घरी नेता येतो, तोही दिवसाला एक. त्याहून मोठी मादी मोजायची, फोटो काढायचा, सोडायची. बाबांना मी तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी शांतपणे पाहिला आणि विचारलं, "मंग हा घरी खाते काय?" प्रश्न बरोबर आहे. तो माणूस घरी जाऊन दुसरं काहीतरी खातो. पण टेप लावून मासा मोजणारा आणि मोठी मादी परत सोडणारा तो हात बाबांनी पुन्हा एकदा मागे करून पाहिला, हेही मी पाहिलं.

आपल्याकडे समुद्राला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. इंद्रावती ओलांडून छत्तीसगडमध्ये गेलं की नद्या-नाल्यांत १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. मध्य प्रदेशातही तेच. आमच्या नाल्यावर मात्र त्या रात्री जो येईल तो. त्यात आता इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन येणारे आहेत. पाण्यात तार सोडायची, जे तरंगेल ते उचलायचं. सुरुंग आणि विषाला तर इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. बॅटरी त्याहून सोपी आणि तिला आवाजही नाही. त्याला मी मासेमारी म्हणत नाही. तिथे दिशा नाही, वेळ नाही, जाळ्याची बोटं मोजणं नाही, आणि ओल्या बांधावर उभ्या माणसाचा जीवही त्याच तारेत आहे.

पण सगळा दोष या पोरांवर टाकून मोकळं होणं मला जमत नाही. वैनगंगेवर वर गोसीखुर्द आहे. १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, ३३ दरवाजे आहेत. धानाला पाणी मिळालं पाहिजे, त्याबद्दल माझं भांडण नाही. मात्र दरवाजा बंद असताना खालचा मासा वर जात नाही आणि दरवाजे अचानक उघडले की खालच्या डोहांतली अंडी-पिल्लं धुऊन जातात. तिकडे खाली, वैनगंगा-वर्धेची प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते त्याच्या पुढे, सिरोंच्याजवळ मेडिगड्डा बॅरेज: २०१९ ला सुरू, ८५ दरवाजे, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे खांब खचले. त्याच्याही कितीतरी खाली, आंध्रात, धवलेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२ च्या सुमारास बांध पूर्ण केला. समुद्रातून गोदावरीत चढणारा हिल्सा, ज्याला तिकडे पुलसा म्हणतात, तो आजही पुरात त्या बांधापर्यंत येतो आणि लोक त्याच्यासाठी हजारो रुपये मोजतात. समुद्रापासून आमच्या नाल्यापर्यंत चढत जाणाऱ्या वाटेवर इतकी दारं आहेत, आणि मासा वाचवा हे सांगायला माणूस येतो तो शेवटच्या दाराशी, कामट्यांचा सापळा धरून बसलेल्या म्हाताऱ्याकडे.

आमच्या ताब्यात एकच दार आहे. तलावाचा सांडवा.

तलाव मच्छीमार सोसायटीने ठेक्याने घेतलेला आहे, बाबा तिचे सभासद. तलाव भरून सांडव्यावरून वाहायला लागला की विकत आणलेलं बीज निसटू नये म्हणून तिथे लोखंडी जाळी लावतात. आतला मासा बाहेर जात नाही, तसा बाहेरचा आत येत नाही. जाळी पावसाळ्याच्या आधीच लावून मोकळं व्हायची पद्धत आहे, कारण नंतर वाहत्या पाण्यात उतरून ती बसवायचा त्रास कोण घेणार.

यंदा मे महिन्याच्या सभेत मी सभासद नसून बोललो. म्हटलं, बीज आपण सोडतो जुलैच्या शेवटी, कधी ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात तलाव तळाला जातो, मागचा मासा आपण काढून घेतलेला असतो. मग पहिल्यांदा सांडवा वाहतो तेव्हा आत राखायला आहे काय? बीज सोडायच्या आदल्या दिवशी जाळी लावा. तोवर जे चढेल ते चढू द्या.

एक काका म्हणाले, ज्या वर्षी पाणी टिकतं त्या वर्षी डोहात चार-पाच किलोचे कतले उरतात, ते निघून गेले तर भरून कोण देणार? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसरा मुद्दा जास्त अवघड होता: जाळी काढली तर सांडव्याखाली मासा गोळा होणार, आणि रात्री हेडलॅम्पवाले तिथेच येणार. राखण कोण करणार? जंगल तलावाला लागून आहे, वाघाची ये-जा आहे, अंधार पडल्यावर तिथे एकट्याने बसायला कुणी हो म्हणत नाही. मासा रात्री चढतो आणि आम्ही दिवसा राखणार, यावर सभेत हसू झालं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मोठी आई, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, जी आयुष्यभर टोपली डोक्यावर घेऊन मासे विकत हिंडली आणि सभेत कधी बोलत नाही, ती मागून म्हणाली, "तलावात पयले बारीक मासा होता तवा पोट्ट्यायले रोज रस्सा भेटे. आता रोहूचे पैसे येते अन् पोट्टे लाखोरीचं वरण खाते." लाखोरीचं वरण वाईट नसतं, हे मी उगाचच मनात म्हटलं.

शेवटी ठरलं ते असं: एक वर्ष. जाळी बीज आल्यावर लावायची. सांडव्याखालच्या नाल्यात आपल्या सभासदांचे सापळे रोवणीपर्यंत एकाच काठाला, बाहेरचा कुणी दिसला तर चौघांनी मिळून जायचं, एकट्याने नाही. उरलेले कतले आधी ओढून काढायचे आणि विकायचे. ते काढले, सात निघाले. त्या काकांना दोन दिले.

पाऊस उशिरा आला. आर्द्रा लागल्यावर नाला वाहिला, सांडवा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या रात्री आम्ही पाच जण दोन मोठे टॉर्च घेऊन पारीवर बसलो होतो. टॉर्च जंगलाकडे धरलेले, त्यामुळे मासा किती चढला ते धड दिसलं नाही. पाण्याच्या आवाजात मधूनच थपकन आवाज यायचा आणि बाबा बोट मोडायचे. दहा झाल्यावर त्यांनी मोजणं सोडलं.

काल सकाळी बेशरमाच्या झुडपांपाशी पाण्यावर नारिंगी रंगाचा गोळा हलताना दिसला. मरळीची पिल्लं. खाली आई-बाप असतात, जवळ गेलं तर अंगावर येतात. ती याच चढलेल्या मरळीची की आधीपासून गाळात राहिलेल्या एखाद्या जोडीची, हे सांगायला काही मार्ग नाही. ते काकाही हेच म्हणाले. बीजाची गाडी येत्या गुरुवारी येणार असा निरोप आहे. जाळी आमच्या पडवीत भिंतीला टेकून ठेवली आहे आणि तिला गंज चढतो म्हणून आई रोज कुरकुर करते.